युनचा लिसनिंगचा पेपर

कॅनडातल्या स्कारबरोच्या आमच्या घरात कुणाचंच बोलणं कुणापासून लपत नसे. हीटिंगच्या पत्र्याच्या नळ्या किचनमधून खाली बेसमेंटमध्ये जायच्या आणि त्यांतून गरम हवेबरोबर बोलणंही जायचं. मम्मी वर कांदा परतताना पप्पांशी भांडायची, ते खाली ऐकू यायचं. खाली कुणी खोकलं की वर मम्मी आल्याचा तुकडा शोधायला लागायची. बेसमेंटमध्ये आम्ही होमस्टेची, म्हणजे पैसे देऊन राहणारी, मुलं ठेवायचो. त्या काळी आमच्या भागात प्लाझाच्या वरच्या मजल्यावर, दंतवैद्याच्या क्लिनिकशेजारी वगैरे, छोट्या प्रायव्हेट शाळा निघाल्या होत्या. चीनहून सोळा-सतरा वर्षांची मुलं एकटी यायची, तिथे बारावी करायची आणि युनिव्हर्सिटीत जायची. अशा शाळेनेच युनला आमच्याकडे पाठवलं. आडव्या बांध्याची, जाड चष्म्याची मुलगी. आल्या दिवशी तिने बूट काढून इतके नीट लावून ठेवले की पप्पा मम्मीला म्हणाले, "मॅगी, आपल्या जेनीला थोडे दिवस हिच्याकडे ट्रेनिंगला दे." जेनी म्हणजे मी. मीही तेव्हा बारावीतच होते आणि माझे बूट दाराशी कुठेही पडलेले असायचे. त्यामुळे पहिले काही दिवस मला ती मुळीच आवडली नाही.

आम्ही मूळचे वसईचे. मम्मीने देश सोडला, पण वसईचं किचन सोडलं नाही. बॉटल मसाल्याची बरणी, सुकटीची पिशवी, हवाबंद डब्यात दडवलेले सुके बोंबील. शेजारपाजारच्यांच्या नाकाला त्रास नको म्हणून बोंबील भाजायचे ते फक्त खिडक्या गच्च बंद करून, म्हणजे मग त्रास आमच्याच नाकांना. आधी आलेली होमस्टेची मुलं त्या वासाने वर यायची थांबायची. युन उलट वर आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून तिने नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, "फिश? ड्राय?" मम्मीने तिला भाजलेला तुकडा दिला. तिने तो डोळे मिटून खाल्ला. "माय लाओलाओ," ती म्हणाली, "सेम." लाओलाओ म्हणजे आईची आई. आईवडील दोघंही दुसऱ्या शहरात नोकरीला, म्हणून युनला लहानाची मोठी लाओलाओनेच केली होती. पुढे एकदा ताप आला म्हणून मम्मीने तांदळाची पेज करून खाली नेली, तर तिथेही तेच, "सेम, लाओलाओ." मम्मीला काय, तेवढं पुरे झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात मुली दोन झाल्या, आणि बोंबलाचा मोठा तुकडा कुणाला हा प्रश्न सुरू झाला. (युन आमच्याशी इंग्रजीतच बोलायची, तुटक आणि विचार करकरून. मी यापुढे ते मराठीतच लिहिणार आहे. तिच्या तुटक बोलण्याची नक्कल केली तर लोक हसतील, आणि मला तिच्यावर कुणाला हसू द्यायचं नाही.)

तिची खरी अडचण होती कानांची. युनिव्हर्सिटीने प्रवेश दिला होता, पण इंग्रजीच्या परीक्षेत वाचणं आणि ऐकणं या दोन्हींत ठरावीक मार्क मिळाले तरच. वाचण्यात ती वाघीण होती. बीव्हर धरणं कशी बांधतात, म्युझियममधली जुनी चित्रं कशी जपतात, असले कंटाळवाणे उतारे ती भराभर वाचायची आणि प्रश्नांची उत्तरं अचूक द्यायची. मला माहीत नसलेले शब्द तिला माहीत असायचे, ज्याचा मला राग यायचा. पण लिसनिंगची सीडी लावली की तिचा चेहरा बदलायचा. शाळा दर दुसऱ्या शनिवारी सराव परीक्षा घ्यायची, आणि दर वेळी तेच: रीडिंग वरती, लिसनिंग तळाला. दोनदा खरी परीक्षा देऊन झाली होती. आता तिसरी, आणि ती शेवटची, कारण त्यानंतर प्रवेशाची मुदत संपणार होती. मुदत संपली की व्हिसाही संपायचा आणि युनला सामान बांधून परत जावं लागायचं.

मी तिला म्हणायचे, अगं, तू कॅनडात राहतेस, इंग्रजी आपोआप कानावर पडत असेल की. ती म्हणायची, कुठे पडतं? तिच्या शाळेत वर्गातली सगळी मुलं चीनची. डब्याच्या वेळी चिनी, बसमध्ये चिनी, ज्या प्लाझात शाळा तिथल्या पाट्या चिनी. इंग्रजी बोलणारा एकच, तो मास्तर, आणि तो फळ्याकडे तोंड करून बोलायचा. घरी आली की आमचं मराठी. इतक्या लांब येऊन त्या मुलीला इंग्रजी ऐकायची सोय नव्हती, हे मला आजही विचित्र वाटतं. तेव्हा मग मीच तिची परीक्षक झाले. जेवणं झाली की खाली बेसमेंटमध्ये, वॉशर-ड्रायरच्या शेजारी, ती टेबलाशी पेन्सिल घेऊन बसायची आणि मी सीडी लावायची. त्या सीडीतली माणसं सारखी काहीतरी हरवून बसलेली असत. कुणाचं लायब्ररी कार्ड, कुणाची छत्री, कुणाचा सामानाचा टॅग. मग काउंटरवरची बाई त्यांना पत्ता, रंग, वेळ विचारायची, आणि युनने ते रिकाम्या जागांत भरायचं. सगळं एकदाच वाजायचं. ती एक उत्तर लिहीपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असायची. "वाचताना मी मागे जाऊ शकते," ती एकदा म्हणाली, "ऐकताना मागे जाता येत नाही." तिच्या मास्तराने तिला एक युक्ती सांगितली होती: सगळे शब्द पकडायला जाऊ नकोस, ओळखीचे तेवढे पकड आणि मधलं मनाने जोड. ती युक्ती ती आमच्यावर चालवायची. मम्मी-पप्पा मराठीत काही बोलत असले की जेवता जेवता थांबून सांगायची, "अंकल टायर्सबद्दल बोलतात. आंटी नो म्हणाली." पप्पांना त्याची भारी गंमत वाटायची, कारण बर्फासाठीचे विंटर टायर्स घ्यायचे की नाही हे भांडण खरंच चाललेलं असायचं.

रोज संध्याकाळी आमच्याकडे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची. दिवाणखान्यातल्या मारियामातेसमोर मम्मी मेणबत्ती लावायची आणि आम्ही गुडघ्यांवर, मराठीत. मी पुटपुटायची, पप्पा शिफ्टहून आलेले असले तर पेंगायचे. युनला कुणी बोलावलं नव्हतं, तीच येऊन सोफ्याच्या कडेला बसायला लागली. नोव्हेंबर हा आम्हा कॅथलिकांचा मृतांचा महिना. तेव्हा रोझरीच्या शेवटी मम्मी घरातल्या सगळ्या गेलेल्यांची नावं घ्यायची आणि प्रत्येकाच्या आत्म्याला विसावा मागायची. प्रत्येक नावामागे आम्ही "आमेन" म्हणायचो. आमच्याकडे नोव्हेंबर संपला तरी नावं संपत नसत, वर्षभर चालायची. युनने मला विचारलं, ही सगळी कोण माणसं? मी तिला एकेक समजावून सांगितलं: हे आजोबा, ही मावशी, "आत्मा" म्हणजे हे, "विसावा" म्हणजे ते. मग ती म्हणाली, माझे आजोबा घ्याल का? मम्मीने दुसऱ्याच दिवशी तिच्या आजोबांना आमच्या आजोबांच्या पाठोपाठ बसवलं. युनचं "आमेन" त्या दिवशी सगळ्यांत मोठं होतं.

शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यातल्या मंगळवारी मी सर्दीमुळे घरी होते. मम्मी ज्या वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम करायची तिथे तिची दुपारची पाळी होती, त्यामुळे सकाळी आम्ही दोघीच. युन शाळेत. फोन मी घेतला. पलीकडे एक पुरुष फार सावकाश, कागदावरून वाचल्यासारखं इंग्रजी बोलत होता. मी युनचा बाबा आहे. युनची आजी आज वारली. युनची शनिवारी परीक्षा आहे. कृपा करून युनला सांगू नका. परीक्षेनंतर आम्ही सांगू. एवढं बोलून तो थांबला, आणि मग कागदावर नसलेला एक आवाज त्याच्या तोंडून आला. मी फोन मम्मीच्या हातात दिला. मम्मी नुसतं "येस, येस, आय प्रॉमिस, ब्रदर" म्हणत राहिली आणि ॲप्रनने डोळे पुसत राहिली. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, हे बरोबर आहे का, तिची आजी आहे ती. मम्मी म्हणाली, "आपल्याकडे काय वेगळं करतात? माझ्या मॅट्रिकच्या वेळी घरात कोण गेलं ते मला शेवटच्या पेपरनंतर कळलं. आईबापाचा निर्णय आहे, आपण कोण?" संध्याकाळी पप्पांनाही तसंच बजावलं. पप्पांनी मान डोलावली आणि त्या दिवशी पेंगले नाहीत.

रोझरी झाली. नावं सुरू झाली. आजोबा, युनचे आजोबा, मावशी. मला वाटलं, आता उठायचं. तेवढ्यात मम्मीने आवाज जराही न बदलता, नेहमीच्याच घाईने म्हटलं, "आणि प्रभू, आज तुझ्याकडे आलेल्या दूर देशातल्या एका आजीच्या आत्म्याला विसावा दे." मी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. "आमेन," पप्पा म्हणाले. "आमेन," मी म्हणाले. "आमेन," युन म्हणाली, रोजच्यासारखी. तिच्या आवाजात मला काही म्हणजे काही वेगळं जाणवलं नाही. ती उठली, तिने मेणबत्ती फुंकली, ते काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि अभ्यासाला खाली गेली.

मी किचनमध्ये मम्मीला धरलं. "तिच्यासमोर कशाला? तू एकटी म्हणायचं होतंस ना." मम्मी भांडी विसळत होती. हीटिंगची जाळी पायाशीच होती म्हणून ती अगदी हळू बोलली. "मी म्हटलेल्याला काय अर्थ, जेनी? मी त्या बाईला बघितलंसुद्धा नाही. जिला तिने वाढवली तिचं आमेन नको का पडायला तिच्यावर? पोरीला मराठी कुठे कळतं? तिला कळू न देता तिचं आमेन घेतलं. पाप असेल तर माझ्या डोक्यावर." मम्मीचं देवाशी असंच होतं. नियम मोडायचा तो त्याच्याच भल्यासाठी, आणि वर जबाबदारी स्वतःवर घ्यायची. मला ते तेव्हा पटलं होतं. आजही अर्धंअधिक पटतं.

मधले दिवस नेहमीसारखे गेले असं मला वाटत होतं. युन जेवायला कमी बसायची. परीक्षेचं टेन्शन, आम्ही म्हटलं. खालच्या वॉशरूममध्ये शॉवर फार वेळ चालायचा. नळ्यांतून पाण्याचा आवाज वर येत राहायचा आणि पप्पा पेपर वाचता वाचता ओरडायचे, "अरे, ही पोरगी हॉट वॉटर टँक रिकामी करणार!" आम्ही हसायचो. सरावाला मात्र ती चुकली नाही. मी सीडी लावायची, ती लिहायची. एकदा कुणाचीतरी बॅग विमानतळावर हरवली होती, आणि युनने सगळी उत्तरं बरोबर लिहिली. मी टाळ्या वाजवल्या. "बघ, जमतंय की तुला," म्हटलं. ती हसली. चष्मा काढून तिने टी-शर्टला पुसला आणि म्हणाली, पुढचं लाव.

शनिवारी पप्पांनी तिला गाडीने परीक्षेला नेलं आणि ती बाहेर येईपर्यंत पार्किंगमध्ये थांबले. एरवी हा माणूस मला कुठे सोडायचं तर गाडी पूर्ण थांबवायचाही नाही. निकालाचं इथेच सांगून टाकते, कारण लोक तेच आधी विचारतात: तिला लिसनिंगमध्ये लागत होते त्याहून जास्त मार्क पडले आणि ती युनिव्हर्सिटीत गेली. ते कळलं कित्येक दिवसांनी. त्या शनिवारी आमच्या घरात निकालाचं कुणालाच काही पडलं नव्हतं. मम्मीने सकाळपासून तीनतीनदा ओटा पुसला होता. संध्याकाळी युनच्या आईवडिलांचा फोन येणार होता, तिकडे तेव्हा सकाळ. मम्मीने मला सांगून ठेवलं, फोन आला की तू टीव्ही बंद कर, आणि खाली जाऊ नकोस, मी जाईन.

फोन आला. युन रिसीव्हर घेऊन खाली गेली. आम्ही तिघंही किचनमध्ये त्या जाळीभोवती उभे, आणि कुणालाही त्याची लाज वाटत नव्हती. आम्हाला चिनी कळत नव्हतं. आधी तिचं शांत बोलणं आलं, बहुधा पेपरबद्दल. मग ती गप्प झाली. मग तिचा आवाज चढला, एकदा, पुन्हा एकदा, काही विचारल्यासारखा. मम्मीने क्रूसाची खूण केली आणि पुटपुटली, "सांगितलं." मग बराच वेळ नुसते हुंकार. मम्मी जिन्याकडे निघाली तोच युन स्वतःच वर आली. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. तिचे डोळे कोरडे होते. ते पाहून मम्मी भ्याली, मला दिसलं. "बाळ," ती म्हणाली आणि पुढचं इंग्रजी तिला सापडेना.

युन खुर्चीवर बसली. "आंटी, मला माहीत होतं," ती म्हणाली. "मंगळवारी तुम्ही प्रार्थनेत म्हणालात. आजी. आत्मा. विसावा. आज. चार शब्द मला येत होते. तुमच्या वसईच्या आजीशी जेनी रविवारी फोनवर बोलली होती, म्हणजे ती नाही. आणि तुम्ही कुणीच माझ्याकडे बघत नव्हतात."

पप्पा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला तो शॉवर आठवला, नळ्यांतून वर येणारं पाणी आणि त्यावरचं आमचं हसणं, आणि मी मटकन जमिनीवरच बसले. मम्मीने कसंबसं विचारलं, मग फोनवर? तू त्यांना काय म्हणालीस?

"मी विचारलं, कधी? आई म्हणाली, काल रात्री. म्हणजे त्यांनी लपवलं असं मला वाटू नये म्हणून." युन हे अगदी समजूतदारपणे सांगत होती. "मग मी मोठ्याने विचारलं, कशी? काय झालं? मला माहीत नव्हतं असं मी त्यांना दाखवलं. आईने किती दिवस आवाज सांभाळला असेल. तिला वाटू दे की तिने नीट केलं." मग ती टेबलाकडे बघत म्हणाली, "आज सीडी ऐकताना मला सगळं ऐकू आलं. ती संपू नये असं मला पहिल्यांदाच वाटत होतं. ती संपली की मला फोन येणार होता."

माझी मम्मी बोलण्यात पटाईत होती. कुणाच्या मयताला गेली तर घरच्यांना धीर देणारं बोलणं तिच्याइतकं कुणाला येत नसे. त्या दिवशी ती नुसती युनच्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिली, हातात ओटा पुसायचं फडकं. मम्मी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी ओटावात असते, तिथल्याच कनाटा उपनगरात माझी नोकरी, मुलगी बारावीला. शेवटच्या आजारपणातही मम्मी मला मध्येच विचारायची, मी तिचं आमेन घेतलं ते वाईट केलं का गं? मी नाही म्हणायची. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. त्या आमेनमुळे त्या मुलीला कळलं, आणि त्या आमेनमुळेच ती इतके दिवस एकटी राहिली. दोन्ही खरं आहे आणि मी त्यातलं एक निवडू शकलेले नाही.

"आंटी," युनने विचारलं, "खरा दिवस मंगळवार ना?"

"मंगळवार," मम्मी म्हणाली. "तुझ्या बाबांनी सकाळी फोन केला. तू शाळेत होतीस."

युनने मान हलवली. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते डोळे मी चष्म्याशिवाय क्वचितच पाहिले होते. फार लहान आणि सुजलेले दिसले. तिने आधी मम्मीकडे पाहिलं, मग पप्पांच्या पाठीकडे, मग खाली बसलेल्या माझ्याकडे, आणि एखाद्या पाहुण्याने परवानगी मागावी तसं हळूच विचारलं, "आता मला सगळ्यांनी सांगितलं आहे. आता मी इथे वरती रडू का?"